मिनी लेथ पार्टिंगला थरथरतो आणि कामाला टेपर येतो, स्पिंडलचे बेअरिंग बदलू का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सात बाय चौदा इंचाचा चिनी मिनी लेथ सेकंडहँड घेतलाय. एमएसचा (माइल्ड स्टीलचा) २५ मिमी बार पार्टिंग करताना, म्हणजे कापून वेगळा करताना, टूल थरथरतं, मध्येच आत खेचलं जाऊन अडकतं. चकच्या (बार धरणाऱ्या जबड्यांच्या) बाहेर १५० मिमी काढलेल्या बारला टेपर येतो, म्हणजे दोन टोकांचा व्यास सारखा येत नाही. सगळे म्हणतात स्पिंडलचे (चक फिरवणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग बदला, तर बदलू का?

इतक्यात नको. या लेथमध्ये ढिलाई असते ती बहुतेक वेळा सॅडल (बेडवर सरकणारा भाग) आणि कंपाउंडमध्ये (टूल पोस्टखालची छोटी स्लाइड). नवे बेअरिंग घातले तरी पार्टिंगला तो तसाच थरथरेल, वर हेडस्टॉक (स्पिंडल धरणारा डबा) उघडल्यामुळे आहे ते अलाइनमेंट बिघडायची भीती.

आधी मोजा. मॅग्नेटिक बेस आणि १० मायक्रॉनचा (०.०१ मिमीचा) डायल गेज पुरेसा आहे. चक काढून, तो ज्या गोल खांद्यावर बसतो तिथे डायल लावा आणि स्पिंडल हातानं फिरवा. काटा एका घराच्या आत फिरला तर स्पिंडल सरळ आहे. मग चक लावून त्यात जाड बार धरा, डायलचा बेस हेडस्टॉकवर ठेवा, टोक चकच्या मागच्या फ्लँजवर टेकवा आणि बार वर-खाली दाबा. १५-२० मायक्रॉन हलून काटा परत शून्यावर आला, तर बेअरिंग ठीक आहेत. थ्री-जॉ चकमध्ये धरलेला बार ५०-६० मायक्रॉन वाकडा फिरतो तो चकचा गुण, बेअरिंगचा दोष नाही. एकाच सेटिंगमध्ये टर्न केलेलं काम तरीही गोलच येतं.

आता सॅडल. डायलचा बेस बेडवर, टोक सॅडलच्या पुढच्या कडेवर, आणि सॅडल हातानं वर उचलून पाहा. या लेथवर ०.१० मिमीपेक्षा जास्त उचल दिसली तरी नवल नाही. खालच्या दोन पट्ट्या सॅडलला बेडवर धरून ठेवतात. त्यांत काही बोल्ट पट्टी वर ओढतात आणि ग्रब स्क्रू तिला खाली ढकलतात. या ओढाताणीत पट्टी वाकते, बेडला फक्त कडेनं टेकते, आणि थोड्या कामानंतर परत ढिली होते. कितीही अॅडजस्ट करा, टिकत नाही, कारण पट्टीला पक्की बैठकच नाही.

उपाय शिमचा, म्हणजे पातळ पत्र्याच्या तुकड्यांचा. पट्ट्या काढा, जाड काचेवर १८० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यांची बेडला लागणारी बाजू सपाट घासून घ्या. ग्रब स्क्रू मागे घ्या. पट्टी आणि सॅडल यांच्यामध्ये, बोल्टच्या जागी, मुद्दाम जास्त जाडीचे पितळी शिम घालून बोल्ट पूर्ण आवळा आणि उचल मोजा. समजा ०.३० च्या शिमवर डायल ०.१४ दाखवतो. आपल्याला ०.०२ ठेवायची आहे, म्हणजे ०.१२ कमी करून शिम ०.१८ चे करा. पुढची आणि मागची पट्टी वेगवेगळी मोजा. एक गोष्ट सांभाळा: बेड चकजवळ जास्त झिजलेला असतो. तिथे घट्ट बसवलंत तर सॅडल टेलस्टॉककडे (बेडच्या दुसऱ्या टोकाला) जाम होईल, म्हणून माप कमी झिजलेल्या टोकाला घ्या. एवढं एक काम नीट झालं तरी लेथ बराच सुधारतो.

क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) जिबची, म्हणजे ढिलाई घेणाऱ्या पट्टीची, तऱ्हा वेगळी. ग्रब स्क्रूची टोकं जिबच्या खळग्यात नीट बसत नाहीत, म्हणून जिब डुलते. खळगे थोडे खोल करा, स्क्रूची टोकं गोलसर घासा. मग स्लाइड जेमतेम जड होईपर्यंत स्क्रू आवळा, किंचित सैल सोडा आणि अॅलन की धरून ठेवूनच चेकनट आवळा. की सोडली तर नटाबरोबर स्क्रूही फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

टूल आत खेचलं जाण्याचं मुख्य कारण कंपाउंड. कापताना जोर खाली येतो, कंपाउंड पुढे झुकतो, टूल जास्त खोल जातं, मग जोर आणखी वाढतो. कंपाउंड काढून त्याच उंचीचा बिडाचा किंवा एमएसचा भरीव ठोकळा क्रॉस स्लाइडवर बोल्टनं बसवा आणि टूल पोस्ट त्यावर. ठोकळ्याच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात, मिलिंगवाल्याकडून करून घ्या. छोटा टेपर कापायचा असेल तेव्हाच कंपाउंड परत लावा. या लेथसाठी पैसे खर्चायचेच असतील तर ते आधी या ठोकळ्यावर खर्चावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पार्टिंग करताना कट चकच्या जॉपासून १०-१५ मिमीच्या आत ठेवा, सॅडल लॉक करा, ब्लेड गरजेपुरतंच बाहेर काढा आणि धार बरोबर सेंटरवर आणा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) ब्लेडला २५ मिमी एमएसवर साधारण १९० आरपीएम, तेही लो गिअरमध्ये, कारण हाय गिअरला कमी स्पीडवर मोटरचा जोर अपुरा पडतो. कटिंग ऑइल सतत हवं. आणि घाबरून फीड थांबवू नका. टूल नुसतं घासायला लागलं की थरथराट सुरू होतो.

टेपरसाठी चाचणी अशी: ३० मिमीचा बार चकमध्ये धरा, टेलस्टॉक लावू नका. चकजवळ आणि टोकाला २०-२० मिमीच्या पट्ट्या ठेवून मधला भाग थोडा उतरवा. धारदार एचएसएस टूलनं, क्रॉस स्लाइड न हलवता, दोन्ही पट्ट्यांवर हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरनं मोजा. मग लेथ टेबलाला धरणारे बोल्ट सैल करून हीच चाचणी परत करा. फरक बदलला, तर वाकड्या फळीवर आवळल्यामुळे बेडला पीळ बसला होता. टोकाचा व्यास मोठा येत असेल तर टेलस्टॉककडच्या बाजूला पुढच्या, म्हणजे तुमच्याकडच्या, पायाखाली ०.०५ चा शिम घाला, लहान येत असेल तर मागच्या पायाखाली. आवळा, कट घ्या, मोजा. बोल्ट सैल असतानाही टेपर तेवढाच राहिला तरच हेडस्टॉककडे वळा. टेलस्टॉक शेवटी जुळवायचा.

एवढं करूनही स्पिंडल हलत असेल तर बेअरिंग बदला. मूळचे ६२०६ असतात. ३०२०६ टेपर रोलर बसतात, पण त्यांची जाडी १६ ऐवजी १७.२५ मिमी असते, म्हणून स्पिंडलवरची स्पेसर रिंग तेवढी कमी करावी लागते. ते उघडे असतात, त्यामुळे ग्रीस आणि कीस अडवणारं झाकण हवंच. हेडस्टॉक बिडाचा आहे, हातोडा चालवू नका. थ्रेडेड रॉड आणि दोन जाड पट्ट्या लावून ओढून काढा. नट आवळल्यावर मध्यम स्पीडवर १५ मिनिटं चालवा. हेडस्टॉक कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर नट सैल करा.

रोजच्या देखभालीत बेडवर ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल, ग्रीस नाही. ग्रीसमध्ये कीस चिकटतो आणि बेड घासतो. एअर मारू नका, चिप्स सॅडलखाली जातात, ब्रशनंच झाडा. पॉलिश पेपर वापरताना बेडवर कागद पसरा, त्याची पूड बेडला सगळ्यात वाईट. कंट्रोल बोर्डच्या डब्यात आणि मोटरच्या जाळीत कीस साचतो, बोर्ड जळण्याचं ते एक कारण. प्लग काढून तिथेही ब्रश फिरवा. हेडस्टॉकमधला प्लास्टिक गिअर तुटतो, पण जोर आला की तो आधी तुटून बाकीचं वाचवतो. धातूचा घालण्यापेक्षा एक जादा आणून ठेवा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात काम संपलं की बेड पुसून तेलाचा हात फिरवा आणि वर सुती कापड घाला. प्लास्टिकखाली ओल अडकते, गंज धरतो.