बॅरेकमधल्या दोन खोल्या आणि सनद

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९८८ ला उल्हासनगर कॅम्प चारमध्ये बॅरेकमधल्या दोन खोल्या एका सिंधी काकांकडून घेतल्या. स्टँपपेपरवर अॅग्रीमेंट, सोबत पॉवर ऑफ अॅटर्नी, रजिस्ट्रेशन नाही, तेव्हा सगळेच असं करायचे. घरपट्टी, लाइटबिल आमच्या नावावर आहे. काका १९९६ ला वारले. आता बॅरेक पाडून बिल्डिंग करायचीय म्हणून बिल्डर सनद (सरकारने दिलेला मालकीचा कागद) मागतोय, आणि काकांच्या नातवाने वकिलाकरवी नोटीस पाठवलीय की खोल्या खाली करा. आम्हाला काढतील का?
(एक वाचक, उल्हासनगर)

उत्तर : लगेच बाहेर काढणं त्यांना तितकं सोपं नाही, पण तुम्ही मालक झालात असंही नाही.

आधी सनदेचं बघू. या बॅरेकी लष्कराच्या, फाळणीनंतर त्यात सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली, १९४९ ला गावाला उल्हासनगर नाव पडलं. मालकी मात्र नंतर, १९५४ च्या विस्थापितांच्या कायद्याखाली मिळायची, तिकडे सोडलेल्या मालमत्तेचा क्लेम असेल तर त्यात वळती करून, नाहीतर हप्ते भरून. पैसे फिटले की सनद. नुसतं अलॉटमेंटचं पत्र म्हणजे मालकी नव्हे आणि घरपट्टीची पावती तर नाहीच नाही (ती लॅमिनेट करून कोर्टात आणणारे रोज भेटतात). तो कायदा २००५ मध्ये रद्द झाला, पण आधी मिळालेले हक्क त्याने बुडत नाहीत.

म्हणून तुमच्या जागेचे सिटी सर्व्हेतले यू नंबर आणि शीट नंबर घेऊन प्रांत ऑफिस आणि सिटी सर्व्हेला अर्ज करा, सर्टिफाइड कॉपी मागा. सनद कुणाच्याच नावावर निघाली नसेल तर जमीन अजून सरकारचीच आहे, मग नातूही मालक नाही आणि नोटिशीतली हवाच गेली. एजंटकडून मिळालेल्या झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका, बोगस सनदी या शहराने भरपूर पाहिल्यात.

सनद काकांच्या नावावर निघाली असेल तर पॉवर ऑफ अॅटर्नीवर विसंबू नका. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सांगितलंय की असल्या कागदाने मालकी येत नाही, त्यात काका गेले तशी ती पॉवर ऑफ अॅटर्नी बहुधा संपलीच. तुमचा खरा आधार ते अॅग्रीमेंट. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ अ म्हणतं की लेखी करार करून ताबा दिला आणि घेणारा आपला शब्द पाळायला तयार असेल तर विकणाऱ्याला किंवा त्याच्या वारसांना तो ताबा काढून घेता येत नाही. २००१ पासून त्यासाठी रजिस्टर्ड करार लागतो, तुमचा त्याआधीचा आहे म्हणून चालेल. फक्त ही ढाल आहे, मालकी नाही. बारा वर्षं ताबा असला की मालकी मिळते असं सांगणारे भेटतील, पण तुम्ही मालकाच्याच परवानगीने आत आलात, त्यामुळे ते सिद्ध करणं जड जाईल.

माझं मत विचाराल तर बिल्डर समोर बसलाय तोवर नातवाशी बोला आणि थोडे पैसे द्यावे लागले तरी रजिस्टर्ड खरेदीखत करून घ्या. सही एकट्या नातवाची नको. काकांनी मृत्युपत्र केलं नसेल तर मुलींचाही सारखाच वाटा असतो, त्या लग्न होऊन कुठे गेल्या ते आधी शोधा. आणि मूळ अॅग्रीमेंट बिल्डरकडे ठेवायला देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.