उन्हाळ्यातली काशी : आईवडिलांना घेऊन जाताना

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत आईवडिलांना काशीला नेण्याचा विचार आहे. वडील ७२ वर्षांचे, आई ६८ वर्षांची असून आईचे गुडघे दुखतात. सोबत तेरा वर्षांची मुलगी आहे, आणि तिला देवळांपेक्षा इतिहासात अधिक रस आहे. चार दिवसांत काशी, प्रयागराज आणि अयोध्या असा कार्यक्रम आखला आहे. ऊन आणि गर्दी पाहता तो जमेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हा कार्यक्रम जमेल असे मला वाटत नाही, आणि आईंची प्रकृती पाहता तो जमवण्याचा आग्रह तुम्ही धरू नये. प्रयागराज काशीहून सुमारे १२० किलोमीटर आणि अयोध्या सुमारे २०० किलोमीटर आहे, म्हणजे दोन्ही प्रवासांत दुपारचे तास रस्त्यावर जातील. मे महिन्यात तेथे पारा ४० अंशांच्या वर असतो आणि दुपारी ‘लू’, म्हणजे भाजून काढणारा उष्ण वारा, वाहते. चारही दिवस काशीलाच द्यावेत आणि प्रत्येक दिवसाचे पहाट व संध्याकाळ असे दोन तुकडे करावेत; सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत ज्येष्ठांनी खोलीतच राहावे.

काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे आणि घाट पश्चिम तीरावर आहेत, त्यामुळे सूर्य अगदी समोर, पलीकडच्या वाळूवर उगवतो. मेच्या मध्यावर तो सव्वापाचच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडच्यापेक्षा जवळपास पाऊण तास आधी उगवतो. म्हणून साडेचारला निघण्याची तयारी रात्रीच करून ठेवावी. होडीतून गेल्यास आईंना पायऱ्यांची चढउतार न करता घाटांची सगळी रांग पाहता येईल. मात्र उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले असते आणि होडीपर्यंत बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणून दशाश्वमेधाऐवजी अस्सी घाटावरून होडी घ्यावी. भाडे आधी ठरवावे आणि जीवरक्षक जाकिटे मागून घ्यावीत.

मुलीसाठी ही होडीची फेरीच इतिहासाचा पाठ ठरेल. अहिल्याबाई घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट अशी आपल्या ओळखीची नावे एकामागून एक येतात. शिंदे घाटाजवळचे कललेले रत्नेश्वर मंदिर पावसाळ्यात पाण्यात बुडते, पण उन्हाळ्यात ते पायथ्यापर्यंत उघडे पडते. ऐन उन्हाळ्यात जाण्याचा हा एक खरा लाभ आहे. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभारले, शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच होते आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्मही येथलाच. हे तिला निघण्यापूर्वी घरीच सांगून ठेवावे. मानमंदिर घाटावरील सवाई जयसिंगांची वेधशाळाही तिला दाखवावी, परंतु तेथे चढावे लागते, म्हणून आईंना तेवढ्यापुरते खाली सावलीत बसवावे.

दर्शनासाठी सोमवार टाळावा, आणि ज्येष्ठ शुद्ध दशमीचा गंगा दसरा तर कटाक्षाने टाळावा. मोबाइल आणि पिशव्या आत नेता येत नाहीत, तेव्हा त्या खोलीवरच ठेवाव्यात. दर्शनाची वेळ मंदिर न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि चाकाच्या खुर्चीची चौकशीही तेव्हाच करावी. मी माझ्या आईला मे महिन्यातच नेले होते. दर्शन होईपर्यंत अकरा वाजले, आणि चपला ठेवलेल्या दुकानापर्यंतच्या फरशीवर तिला पाऊल टेकवेना. खांद्यावरचे उपरणे मी तिच्यापुढे अंथरले. ती दोन पावले पुढे गेली की ते उचलून पुन्हा पुढे टाकायचे, असे करत आम्ही तेथवर पोहोचलो. म्हणून सांगतो, दर्शन पहाटेच उरकावे आणि जाड सुती पायमोजे जवळ ठेवावेत.

सारनाथ शहरापासून सुमारे १० किलोमीटरवर आहे. तेथील संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे तो वार सोडून सकाळी ते उघडताच आत जावे. आपल्या राजमुद्रेवरील सिंहांचे मूळ शिल्प मुलीला समोर पाहता येईल, आणि मला विचाराल तर काशीच्या सहलीत ते चुकवणे हा अन्याय आहे.

उतरण्याची जागा गल्लीबोळांत घेऊ नये, कारण तेथपर्यंत वाहन जात नाही आणि गोदौलिया चौकापासून सामान घेऊन चालावे लागते. अस्सीच्या बाजूला, लिफ्ट असलेली आणि दारापर्यंत रिक्षा येणारी जागा पाहावी. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. पुण्याहून ज्ञानगंगा आणि मुंबईहून महानगरी या गाड्या सोयीच्या आहेत, मात्र प्रवास एका दिवसाहून अधिक असल्याने वातानुकूलित डबाच घ्यावा. मावंद्यासाठी गंगेचा गडू आणणार असाल, तर तोंड डाग देऊन पक्के बंद केलेलाच घ्यावा, नाहीतर सामान भिजते.

प्रश्न : जूनअखेरीस बनारसला जात आहोत. तेथील मलइयो चांगली कोठे मिळेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जूनमध्ये ती मिळणार नाही. मलइयो हा दुधाच्या फेसाचा पदार्थ आहे आणि तो थंडीतल्या दवाशिवाय जमत नाही, म्हणून हिवाळ्यातच होतो. तुम्हाला कुल्हडातली लस्सी मिळेल आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बनारसी लंगडा आंबा मिळेल, ज्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. हापूसवर वाढलेल्या आपल्या मंडळींची येथे फसगत होते, कारण लंगडा पिकला तरी हिरवाच दिसतो. रंग पाहून तो मागे ठेवू नये; देठाकडून वास घेऊन पाहावा, हलकेच दाबावा आणि मगच निवडावा.