रोपं मागवण्याआधी

पोरी,

परवा ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलाखाली चहा पिताना तू तीनदा विचारलंस, "ताई, डोंगरावर लावायला 5000 रोपं मिळतायत, कुठली घेऊ?" बायका बैठकीला आल्याच नाहीत, हे मात्र जाता जाता सांगितलंस. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

बैठक सकाळी 11 ला कशी ठेवलीस? त्या वेळी मुरबाडच्या पाड्यावरची बाई डोंगरात मोळी बांधत असते. रात्री भाकऱ्या उरकल्यावर जा, ओट्यावर बस, आणि डोंगराचं काय करायचं ते त्यांना ठरवू दे. जिच्या डोक्यावर मोळी, तिचा निर्णय.

मी उलटं केलं होतं. 30 वर्षांपूर्वी शहापूरकडच्या एका उजाड उतारावर आम्ही सुबाभूळ लावली. बायका फक्त मजुरीला. एका म्हातारीनं कुदळ खाली ठेवली आणि म्हणाली, "बाय, ह्यो ऐन जिता हाय." राबासाठी, म्हणजे भातरोपांची जमीन भाजायला, टहाळ तोडून तोडून गुडघ्याएवढा राहिलेला ऐनाच्या झाडाचा बुंधा, कडेनं बोटभर फुटवे. आमच्या आखणीत तिथे खड्डा येत होता. मी तो खणायला लावला. फाल्गुनात वणवा लागला, विझवायला कुणी आलं नाही. का येतील? ठरवताना आम्ही त्यांना विचारलं होतं कुठे! सगळी रोपं जळाली. पावसात फुटले ते कुदळीतून वाचलेले ऐन आणि किंजळ.

मुळं जिवंत असतील तिथे राखणच पुरते. एका बुंध्यावर दोन सरळ फुटवे ठेवायचे, बाकीचे राबाला, चुलीला. कुठले ठेवायचे ते बाईला कळतं. वणवा अडवायची जाळरेषा कुठून काढायची, चराई कुठे बंद करायची, आणि तोवर सरपण कुठून आणायचं, हेही तिलाच विचार. शेवटचा प्रश्न तू गाळशील, म्हणून पुन्हा लिहिते: सरपण कुठून आणायचं?

2006 च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला आपलं सामूहिक जंगल राखायचा हक्क दिलाय. वनहक्क समितीत एक तृतीयांश तरी बायका हव्यात. पण यादीत नाव आणि बसायला कोपरा, एवढ्यावर समाधान मानू नकोस. दंड कुणी ठरवला, पैसे कुणाकडे ठेवले, ते बघ. मोळी तिच्या डोक्यावर, तर निर्णय तिचाच.

निधी मार्चच्या आत संपवायचाय, हे मला सांगू नकोस. याच कारणावरून मी दोन देणगीदार परत पाठवले. लोक हेकट म्हणाले. म्हणू देत, तो ऐन मी माझ्या डोळ्यांदेखत उपटवला होता, त्यांनी नाही.

रविवारी दुपारी कल्याणहून मुरबाडची एसटी धरू. मुक्कामाच्या तयारीनं ये, बॅनर आणू नकोस. आणि रोपवाटिकेला अजून होकार कळवू नकोस.

तुझी ताई