फौजेतून आलात, मग नगराध्यक्षपदाला का उभे राहिलात?

(या सदरात उत्तरं देणारे गृहस्थ बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता दलातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. २०१६ ते २०२१ या काळात ते सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेचे थेट जनतेतून निवडून आलेले नगराध्यक्ष होते.)

राम राम साहेब. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. ६ ऑक्टोबर २०२५ च्या आरक्षण सोडतीत आमच्या नगरपंचायतीचं नगराध्यक्षपद खुलं निघालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी चार माणसं दारात येतात आणि म्हणतात, ‘मेजर, उभं राहा.’ बायको नको म्हणते. तुम्ही का उभे राहिलात ते सांगाल का? – एक माजी हवालदार, सांगली जिल्हा

राम राम. दारात येणारी माणसं कोण आहेत ते आधी नीट बघा. त्यांना तुम्ही हवे आहात, की कुणाची तरी मतं खाणारा उमेदवार हवा आहे? हे कळायला वेळ लागत नाही. त्यांना विचारा, ‘निवडून आलो तर पहिलं काम कोणतं करायचं?’ उत्तर आलं नाही तर चहा पाजून निरोप द्या.

आता माझं सांगतो. १९८४ साली मी खडकीला भरती झालो. सॅपरचं काम तुम्हाला माहीत आहे. पलटण पुढं जायची तर रस्ता, पूल, पाणी आमच्याकडं. मी नळजोडणीचं काम शिकलो, पुढं सुरुंगाचं शिकलो. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, सरहद्दीवर सैन्य उभं करायचं ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि आम्हाला राजस्थानच्या सरहद्दीवर सुरुंग पेरायला लावलं. त्या कामाचा एक नियम आहे. सुरुंग पेरला की त्याची नोंद झालीच पाहिजे. न हलणारी एक खूण धरायची, तिथून दिशा, तिथून अंतर, ओळ कितवी, ओळीत किती, सगळं कागदावर उतरवायचं आणि खाली सही करायची. कारण जो पेरतो तोच काढायला येईल असं नसतं. पुढं सैन्य मागं घेतलं आणि ते सुरुंग काढायची पाळी आली तेव्हा हातात तेच कागद होते. वाळू सरकलेली, पण सुरुवात कुठून करायची हे तरी ठाऊक होतं. त्या कामात चांगली पोरं गेली, काहींचे पाय गेले. त्यावर इथं जास्त लिहवत नाही.

२०१० मध्ये मी घरी आलो. उभं राहायचा विचार डोक्यात नव्हता. २०१५ च्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या आळीत कावीळ सुरू झाली. एकाच ओळीतल्या घरांमध्ये पोरं पिवळी पडायला लागली. पाण्याला वास होता. नगरपरिषदेची माणसं आली, एका जागी खणलं, तिथं पाइप नाही. दुसरीकडं खणलं, तिथंही नाही. लाइन नेमकी कुठून गेली आहे हे कुणालाच सांगता येईना. नकाशा मागितला तर म्हणाले, जुना होता, आता सापडत नाही. शेवटी निवृत्त झालेल्या व्हॉल्व्हमनला त्याच्या रानातून मोटारसायकलवर बसवून आणलं. सत्तरी ओलांडलेला माणूस. गटाराच्या कडेनं हळूहळू चालत गेला, एका जागी थांबला, काठी टेकवली आणि म्हणाला, ‘हितं.’ खणलं तर गटाराच्या बरोबर खाली गंजलेला पाइप, सांधा उघडा. नळ सुटलेला असतो तोवर पाणी बाहेर फेकलं जातं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि तोच सांधा गटाराचं पाणी आत ओढतो. आमच्याकडं दिवसातून एकदाच पाणी यायचं. उरलेला सगळा वेळ पोरांच्या पोटात काय जात होतं, ते त्या दिवशी आम्ही डोळ्यांनी बघितलं.

मला राग त्या गंजलेल्या पाइपाचा आला नाही. पाइप गंजतोच. हजारो माणसं ज्या लाइनचं पाणी पितात, ती कुठून गेली आहे हे एका म्हाताऱ्याच्या डोक्यात आहे, आणि तो गेला की संपलं, ही गोष्ट मला सहन होईना. मी नकाशा तयार करा म्हणून अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. वर्षभरात थेट नगराध्यक्षाची निवडणूक आली आणि मी एका स्थानिक आघाडीकडून उभा राहिलो. मतदान २७ नोव्हेंबर २०१६ ला. त्याआधी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झालेली, सगळं गाव बँकेपुढं रांगेत. माझा निम्मा प्रचार त्या रांगांमध्ये झाला. लोकांना दुसरीकडं जायला जागा नव्हती आणि माझ्याकडं बोलायला एकच विषय होता.

निवडून आल्यावर तो व्हॉल्व्हमन, तंत्रनिकेतनची दोन पोरं आणि मी, असे पहाटे निघायचो. तो काठी टेकवायचा, पोरं टेप लावायची. देवळाचा कोपरा, विजेचा खांब, शाळेची पायरी, अशा न हलणाऱ्या खुणांपासून प्रत्येक व्हॉल्व्हचं अंतर मोजून कागदावर घेतलं. आज तो नकाशा पाणीपुरवठा विभागाच्या भिंतीवर आहे. तो म्हातारा आता नाही.

तेव्हा हवालदारसाहेब, तुमच्या गावात असं एखादं काम तुम्हाला झोपू देत नसेल तर उभे राहा. ‘मेजर’ म्हणून मान मिळतो, तेवढ्यासाठी असेल तर तो मान आत्ताही आहेच, तो खर्ची घालू नका. आणि वहिनींशी बोला. सुट्टीपुरते घरी येणारे तुम्ही, इतकी वर्षं घर त्यांनी एकटीनं चालवलं. पेन्शनवर आल्यावर आता कुठं माणूस घरात बसलाय. निवडून आलात तर सकाळी सहापासून दारात लोक असतात. वहिनींचं ‘नको’ साधं नाही.

कागदाचंही बघून घ्या. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर माणूस अपात्र ठरतो. माजी सैनिकाला घरपट्टीत सवलत आहे, पण पाणीपट्टी किंवा दुसरी थकबाकी राहिली असेल तर अर्ज भरण्याआधी भरून दाखला घ्या. सरकारी जागेवर गोठ्याची एक भिंत जरी असली तरी विरोधक ती शोधून काढतात. पेन्शन मात्र पदामुळं थांबत नाही, ती काळजी करू नका.

फौजी शिस्त नगरपालिकेत चालते का? की नुसताच आरडाओरडा होतो? – एक वाचक, वय २६, बारामती

हुकूम अजिबात चालत नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणं नगराध्यक्ष सभा चालवतो, पण कामाची अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याच्या हातात असते आणि पैसा ठरावाशिवाय हलत नाही. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाचं सभागृहात बहुमत असेलच असं नाही. माझं नव्हतं. नकाशाच्या साध्या खर्चाचा विषय पहिल्या सभेत तहकूब झाला. मग मी विरोधातल्या नगरसेवकांच्या घरी एकेक करून गेलो, त्यांच्याच प्रभागापासून मोजणी सुरू करतो म्हणालो आणि तशी केली. फौजेत मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

जे उपयोगी पडलं ते वेगळंच. फौजेत कमांडिंग ऑफिसर दरबार भरवतो, तिथं साधा शिपाईही उभा राहून आपली अडचण थेट सांगू शकतो. मी सफाई कामगारांच्या हजेरीला पहाटे जायला लागलो. पहिल्याच आठवड्यात एका बाईनं पाय पुढं करून दाखवला. टाच सोललेली. गमबूट आले होते, पण सगळे एकाच मापाचे, पुरुषांचे. बायका ते घालतच नव्हत्या, अनवाणी किंवा चपलेवर गटारात उतरत होत्या, आणि कागदावर ‘संरक्षक साहित्य वाटप पूर्ण’ असं लिहिलेलं होतं. पलटणीत क्वार्टरमास्टर भरती झालेल्या पोराचं माप घेऊन बूट देतो, बसला नाही तर बदलून देतो. त्यात काही मोठेपणा नाही, ती रीत आहे. आम्ही प्रत्येकीच्या पायाचं माप घेऊन यादी केली आणि पुढची खरेदी त्या यादीवर झाली. शिस्त म्हणजे काय ते मला विचाराल तर मी ही यादी दाखवीन.

उभी हयात बाहेर काढलेल्या माणसाला गावाची काय माहिती असणार? तुम्ही लोक सुट्टीवर यायचात, जत्रा बघून जायचात. – एक निवृत्त शिक्षिका, कराड

बाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पेन्शनवर आला आणि लगेच अर्ज भरला, अशा माणसाला मीही मत देणार नाही. मी येऊन सहा वर्षांनी उभा राहिलो. त्या वर्षांत मला गाव कळलं ते सैनिकांच्या विधवांमुळं. कुणाच्या पेन्शनच्या कागदावर नाव ‘लक्ष्मी’ आणि आधारवर ‘लक्ष्मीबाई’, कुणाची जन्मतारीखच चुकलेली, कुणाचं लग्न रेकॉर्ड ऑफिसात नोंदलेलंच नाही. मी ओट्यावर बसून त्यांचे अर्ज लिहायचो, साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जायचो. अर्ज लिहिताना बाया घरातलं सगळं सांगतात. कुठल्या आळीत पाणी येत नाही, कुठल्या दवाखान्यात डॉक्टर बसत नाही, रेशन कोण अडवतं, हे मला त्या ओट्यावर समजलं. आपल्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावं आहेत, पहिल्या महायुद्धापासून घराघरातून माणूस फौजेत गेलेली. अशा गावांत मागं राहिलेल्या बायकांना गावाची जेवढी खडान्‌खडा माहिती असते तेवढी आम्हाला कधीच होणार नाही. महिलांसाठी राखीव पद असेल तिथं त्यांच्यातली कुणी उभी राहिली तर मी तिच्या प्रचाराला येईन, आणि सह्या तीच करील हेही बघीन.

अण्णा हजारे फौजेतूनच आले. त्यांनी कधी निवडणूक लढवली नाही, तरी राळेगणसिद्धी घडवलं. मग पद कशाला हवं? – एक वाचक, पारनेर

अण्णा फौजेत ट्रक चालवत होते, १९६५ चं युद्ध त्यांनी खेमकरणला बघितलं आणि १९७५ मध्ये गावी परतले. नाला-बांध, श्रमदान, दारूबंदी या कामांना पद लागत नाही, गावाचा विश्वास लागतो, आणि तो त्यांनी मिळवला. पण आमच्यासारख्या गावात पाण्याची टाकी, लाइन, गटार, सगळं नगरपरिषदेच्या मालकीचं. बाहेरच्या माणसानं तिथं फावडं मारलं तर गुन्हा दाखल होईल. शिवाय २०२१ च्या अखेरीपासून आमच्याकडं प्रशासक होते. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात राज्यभरच्या निवडणुका अडकल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या घ्यायला सांगितल्या. इतकी वर्षं लोकांनी गाऱ्हाणं कुणापुढं मांडायचं? नगरसेवकाला चौकात अडवता येतं, प्रशासकाला येत नाही. म्हणून मला पद हवं वाटतं.

प्रचारात युनिफॉर्ममधला फोटो आणि मेडल्स लावली तर चालतील का? आणि माझा भाऊ अजून सर्व्हिसमध्ये आहे, तो अर्ज भरू शकतो का? – एक माजी नायक, खटाव तालुका

फोटो लावू नका. प्रचारात जवानांचे, सैन्यदलांचे फोटो वापरू नयेत असं केंद्रीय निवडणूक आयोगानं २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये पक्षांना बजावलं होतं. आपल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तेच इथंही पाळावं असं माझं ठाम मत आहे. तो युनिफॉर्म तुमच्याबरोबर ज्यांनी घातला, त्यातले काही जण तुमच्या विरोधकाला मत देणार असतील. तो त्यांचाही आहे. माहितीपत्रकात ‘माजी सैनिक’ एवढं लिहा, पुरे.

भावाला सांगा, सर्व्हिसमध्ये असताना उभं राहता येत नाही. आर्मी रूल्समध्ये राजकीय कामाला स्पष्ट बंदी आहे, तुमच्या प्रचारात झेंडा घेऊन फिरायलाही. सुट्टीवर आला तर त्यानं घरी राहावं. डिस्चार्ज बुक हातात आल्यावर पुढचं बघता येईल.