मुलीसाठी पुण्याचं खासगी विद्यापीठ: पन्नास हजार भरण्याआधी

दादा, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. मुलीला सीईटीत मध्यम पर्सेंटाइल आहे, पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटरची सीट मिळतेय, फी वर्षाला सव्वातीन लाख, आणि आठ दिवसांत पन्नास हजार भरा नाहीतर सीट जाईल असा रोज फोन येतोय. तुम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत, चोपड्याकडे शेती. वर भाऊबंद सांगताहेत की खासगी विद्यापीठाची डिग्री सरकारी नोकरीत चालत नाही.

आधी भाऊबंदांचं. ते चुकीचं सांगताहेत. राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून उभं केलेलं खासगी विद्यापीठ यूजीसीच्या (विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाच्या) यादीत असतं आणि यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ प्रमाणे त्याला पदवी देता येते. पुण्यातली फ्लेम, विश्वकर्मा, एमआयटी-डब्ल्यूपीयू, नाशिकचं संदीप ही या प्रकारातली. सिम्बायोसिस, भारती विद्यापीठ यांचा प्रकार वेगळा, ती अभिमत, म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्था. आपल्या शिरपूरचं एनएमआयएमएसही मुंबईच्या अभिमत विद्यापीठाचं कॅम्पस आहे. दोन्ही प्रकारच्या पदव्या सारख्याच वैध, एमपीएससीलाही चालतात. लोकांच्या मनातली धास्ती मात्र अगदीच हवेतली नाही. छत्तीसगडने २००२ मध्ये असा सैल कायदा केला की बघता बघता शंभरावर विद्यापीठं निघाली, कित्येक तर एकेका खोलीत. प्रा. यशपाल सुप्रीम कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये त्या कायद्याची मुख्य कलमं रद्द झाली. तेव्हापासून 'खासगी' म्हटलं की आपल्याकडची जुनी माणसं दचकतात. तुम्ही यूजीसीच्या साइटवर विद्यापीठाचं नाव बघा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि हा विषय सोडा.

तुमचा खरा प्रश्न पैशाचा आहे, आणि तो कुणी तुम्हाला नीट सांगितलेला दिसत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षण) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. अट एवढीच की प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. आणि त्याच निर्णयात कंसात लिहिलंय: खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं (तुम्हाला फोन करणारं खासगी विद्यापीठ यातलंच) वगळून. म्हणजे तुमची मुलगी जळगाव, शिरपूर, धुळे किंवा पुण्यातल्याच एखाद्या संलग्न (सरकारी विद्यापीठाला जोडलेल्या) कॉलेजात कॅपमधून गेली तर शिक्षण फी शून्य. डेव्हलपमेंट फी आणि बाकी किरकोळ भरावं लागतं. खासगी विद्यापीठात गेली तर सगळे सव्वातीन लाख, चारही वर्षं. तेरा लाख इथेच झाले, होस्टेल-मेस वेगळी.

फोनवरचा माणूस म्हणेल, "आमच्याकडेही सीईटीवरच प्रवेश आहे." खरं बोलतोय तो. पण सीईटीचे मार्क धरून विद्यापीठाने स्वतः दिलेला प्रवेश आणि सीईटी सेलच्या कॅप फेरीतून झालेला प्रवेश, या दोन गोष्टी वेगळ्या. दरवर्षी जून-जुलैत पोरापोरींची कागदं बघून देते, त्यात सगळ्यात जास्त घरं इथेच फसलेली दिसतात. महाडीबीटीवर (फीमाफी-शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर) फॉर्म भरायला बसतात तेव्हा यादीत आपलं कॉलेजच सापडत नाही. तोवर कॅप संपलेली असते. (हाच नियम कॉलेज स्वतः भरतं त्या मॅनेजमेंट कोट्यालाही. संलग्न कॉलेज असलं तरी कोट्यातून घेतलं की माफी गेली.)

शिवाय तुम्ही शेतकरी. फीचा हप्ता येतो जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा आपला पैसा बियाण्या-खतात गाडलेला असतो. कापसाचे पैसे दसरा-दिवाळीनंतर. मधल्या तीन महिन्यांत माणूस व्याजाने काढतो, आणि ते व्याज फीच्या हिशेबात कुणी धरत नाही. कर्जच काढायचं तर आधी पीएम विद्यालक्ष्मीच्या यादीत विद्यापीठ आहे का बघा. ती योजना एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीतल्या निवडक संस्थांनाच लागू आहे. तिथे तारण-जामीन लागत नाही, आणि आठ लाखांच्या आतल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज-सवलत मिळू शकते.

मग खासगी विद्यापीठात जाऊच नये का? तसं मी म्हणणार नाही. डिझाइन, लिबरल आर्ट्स असलं काही करायचं असेल तर खान्देशात फारसे पर्यायच नाहीत. विषय निवडायची मोकळीक आणि नवा अभ्यासक्रम ही त्यांची जमेची बाजू. मुलीला चांगली मेरिट स्कॉलरशिप देत असतील तर बोलाच. पण ती दुसऱ्या वर्षी किती ग्रेड असली तर चालू राहते, ते लेखी घ्या. फोनवरचं 'चारही वर्षं मिळते हो' धरू नका. साध्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी मात्र, तुमच्या घराची कागदपत्रं बघता, मी तेरा लाख घालणार नाही.

प्लेसमेंटच्या फलकावरचं 'हायेस्ट पॅकेज' एका पोराचं असतं. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती वेबसाइटवर ठेवावी लागते. त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि मधला पगार किती, हे वर्षवार असतं. विद्यापीठ आणि शिरपूर-जळगावची कॉलेजं, दोघांची ती पीडीएफ शेजारी ठेवून मुलीलाच वाचायला सांगा. नवीन विद्यापीठाला नॅक (दर्जा तपासून मिळणारं मानांकन) नसेल तर त्याचा बाऊ करू नका. दोन बॅच बाहेर पडेपर्यंत किंवा सहा वर्षं होईपर्यंत अर्जच करता येत नाही. धाकट्याला फार्मसीला घालायचं म्हणता, तिथे मात्र कडक राहा: फार्मसी कौन्सिलची कलम १२ खालची मान्यता त्या अभ्यासक्रमाला नसेल तर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही, विद्यापीठ कितीही मोठं असो.

पन्नास हजार भरूनच टाकले असतील तर घाबरू नका. प्रवेश रद्द केल्यावर फी किती परत करायची, हे यूजीसीने ठरवून दिलंय आणि ते खासगी विद्यापीठांनाही लागू आहे. जितकं लवकर कळवाल तितके जास्त पैसे परत. मूळ मार्कशीट, टीसी अडवून ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. रद्द करायचं ते फोनवर सांगू नका, ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. आणि आज तहसीलला जाणार असाल तर ओबीसी सवलतीला लागणाऱ्या नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत बघून या. ते येत्या ३१ मार्चपर्यंत चालणारं नसेल तर कॅपमध्ये मुलगी ओपनमध्ये जाईल.