बोटं हलतात, फुंकर नाही

‘मला हे येत नाही, असं सरळ सांगितलं तर माझी किंमत राहील का?’

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. नव्या नोकरीत चार महिने नुसती मान डोलावत बसलेली मुलगी तो विचारते. बढती मिळाल्यावर हाताखालच्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त समजतं हे लक्षात आलेला साहेबही विचारतो. अशा वेळी मी हल्ली एका मुलाची हकीकत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. त्याला सुमित म्हणू.

सुमित सव्वीस वर्षांचा. पहिल्या भेटीत त्याने तक्रार सांगितली ती पोटाची. शुक्रवार संध्याकाळपासून पोटात गोळा, रात्रभर झोप नाही, शनिवारी सकाळी दोन-तीनदा जुलाब. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून पाहिल्या, काही निघालं नाही.

"शनिवारी काय असतं?" मी विचारलं.

"प्रॅक्टिस."

एवढ्या एका शब्दानंतर तो बराच वेळ गप्प होता.

त्याच्या वडिलांचं कल्याणकडे लग्नाचं बँडपथक आहे. बाराव्या वर्षी तो वरातीत उभा राहिला, आधी क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन. नोटेशन, म्हणजे लिहिलेले सूर, वाचायला कुणी शिकवलं नाही. गाणं ऐकायचं आणि उचलायचं. एका कार्यक्रमात त्याचं वाजवणं मुंबईतल्या जुन्या जॅझवाल्यांच्या कानावर पडलं. त्याच्या सुराला वजन आहे म्हणून त्यांनी त्याला आपल्यात घेतलं. ही सगळी मंडळी साठी-सत्तरीची. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत १९३० नंतर जॅझ वाजू लागलं. पुढे गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांनी रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवून घरं चालवली. त्या परंपरेतली ही माणसं. पियानोवर बसणाऱ्या म्होरक्यांना सगळे अंकल म्हणतात.

सुमितने तिथे पहिल्या दिवसापासून एकच उत्तर ठरवून टाकलं होतं. अंकल चीजेचं नाव घ्यायचे, "येते ना?" आणि हा म्हणायचा, "येते." मग रात्रभर फोनवर ऐकून पुढच्या शनिवारपर्यंत कशीबशी बसवायची. सात-आठ महिने निभावलं. एका शनिवारी अंकलनी अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘जायंट स्टेप्स’ काढली. सुमित सवयीने "येते" म्हणाला. सुरुवात झाली, चौथ्या-पाचव्या बारपाशीच (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक तुकडा) त्याचा रस्ता चुकला. त्याने तोंडातला माउथपीस तसाच ठेवला, बोटं चालू ठेवली आणि फुंकर बंद केली. ड्रम्सच्या गदारोळात कुणाला कळणार नाही असं त्याला वाटलं. चीज संपली. अंकलनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, काहीच बोलले नाहीत, दुसरी चीज काढली.

ते न बोलणं याच्या पोटात जाऊन बसलं. पुढचे तीन शनिवार त्याने ‘आईला बरं नाही’ असं कळवलं. आई ठणठणीत होती. अंकल दर आठवड्याला फोन करून आईची चौकशी करत. "मॅडम, ते ‘आई कशी आहे’ विचारतात ना, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं," असं म्हणताना त्याला रडू आलं.

इथे माझ्या हातून चूक झाली. मी म्हणाले, "अरे, तुझ्यात काहीतरी असल्याशिवाय एवढ्या मुरलेल्या माणसांनी तुला घेतलं का?" मला धीर द्यायचा होता. पण ज्याला आपण लबाडी करतो आहोत हे ठाऊक आहे, त्याची तारीफ केली की त्याची लबाडी आणखी मोठी होते. पुढच्या आठवड्यात तो आला नाही. त्यानंतर आला तेव्हा मी आधी ती चूक कबूल केली आणि म्हटलं, "मला जॅझमधलं काही कळत नाही. मी शास्त्रीय थोडंफार ऐकते, बस. तू मला शिकव. ती जी चीज अडली, तीच ऐकव."

त्याने फोन टेबलावर ठेवला. ऐकवता ऐकवता समजावत होता आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज मोकळा झाला. सोळा बारची रचना, बहुतेक ठिकाणी दर दोन मात्रांना कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा जुडगा, बदलते, तीन पट्ट्यांमधून उड्या मारत जायचं आणि मिनिटाला २८० च्या वर ठोके. मे १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण झालं. कोल्ट्रेननी त्यावर घरी पुष्कळ मेहनत केली होती; साथीदारांना तेवढा वेळ मिळाला नव्हता. कोल्ट्रेनचा सोलो, म्हणजे त्यांनी एकट्याने खुलवायचा भाग, संपत आला तसं सुमितने बोट पुढे केलं आणि रेकॉर्ड पुढे सरकवली.

"का सरकवलीस?"

"पुढे पियानोचा सोलो आहे. तो एवढा खास नाही."

मी म्हटलं, तोच ऐकव.

पियानोवर टॉमी फ्लॅनागन होते. सुरुवातीला एक-एक स्वराची ओळ नीट निघते. मग मध्ये जागा सुटायला लागतात. हात थबकतो, पुन्हा पकड घ्यायला बघतो, आणि शेवटी ओळ सोडून नुसत्या कॉर्ड्स धरल्या जातात. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं की माणूस धावत्या गाडीमागे पळतो आहे. मग कोल्ट्रेन पुन्हा शिरतात.

"हे रेकॉर्डवर तसंच ठेवलं?" मी विचारलं.

"हो. सगळ्या जगाने ऐकलंय."

"आणि हे फ्लॅनागन म्हणजे कुणी नवशिके?"

तो हसला. फ्लॅनागन तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सच्या १९५६ मधल्या गाजलेल्या रेकॉर्डवर पियानो त्यांचाच. पुढे गायिका एला फिट्झजेराल्डनी कितीतरी वर्षं त्यांना साथीला ठेवलं. आणि १९८२ मध्ये, कोल्ट्रेन जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर, त्यांनी कोल्ट्रेनच्या आठवणीत एक अख्खी रेकॉर्ड काढली. तिला नाव दिलं ‘जायंट स्टेप्स’, आणि तीच चीज तीत वाजवली. या वेळी सहज, घरच्या ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तशी.

सुमितला हे सगळं तोंडपाठ होतं. सालं, नावं, कोण कुठल्या रेकॉर्डवर. मात्र तेवीस वर्षांनी तो माणूस त्याच चीजेकडे परत गेला याचा आपल्याशी काही संबंध आहे, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. मी १९५९ मधला तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा ऐकताना तो म्हणाला, "मॅडम, ते अडलेत, पण फुंकर बंद नाही केली त्यांनी." पियानोला कुठली फुंकर, पण त्याला काय म्हणायचं ते मला नीट कळलं. ऐकू येईल असे अडले होते.

मग मी विचारलं, बोटं हलवायची आणि फुंकायचं नाही, हे तू कुठे शिकलास?

त्याने मान खाली घातली. वडिलांच्या पथकात. लग्नवाला माणसं मोजून पैसे देतो. एकवीसचा बँड ठरला की एकवीस गणवेश दिसले पाहिजेत, मग त्यातल्या चार-पाच जणांना वाजवता येवो न येवो. बारा वर्षांच्या सुमितच्या हातात क्लॅरिनेट देऊन वडील म्हणाले होते, "तोंडाला लाव, बोटं हलव, आवाज काढू नको." तिथे पथकातल्या प्रत्येकाला ते माहीत असे, कुणी कुणाला फसवत नव्हतं. वडिलांनाही मी दोष देणार नाही. हंगाम चार महिन्यांचा आणि पोटं वर्षभराची. पण ते पोर एक गोष्ट मनाशी घेऊन मोठं झालं: आपण मोजण्यापुरते आहोत.

या मुलाला ‘आत्मविश्वास वाढव’ म्हणून सांगणं मला पटत नाही. कारण त्याचा रोग उलट बाजूनेही तोच होता. अंकलसमोर तो म्हणे "सगळं येतं", आणि माझ्यासमोर म्हणे "मला काहीच येत नाही". आपल्याकडे दुसऱ्या वाक्याला नम्रता म्हणायची पद्धत आहे. मला ते पहिल्याइतकंच खोटं वाटतं. दोन्हीत मोजमाप टाळलेलं असतं.

म्हणून वही आणायला सांगितली. तीन रकाने: येतं, अर्धं येतं, येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याने तेवीस चीजा लिहून आणल्या, सगळ्या शेवटच्या रकान्यात. मी म्हटलं, हे मोजमाप नाही, हा राग आहे. परत कर, आणि ‘अर्धं’ म्हणजे किती तेही लिही: पहिले आठ बार, की मधला भाग, की फक्त सावकाश लयीत.

याच सुमारास त्याने मला जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सची १९६६ मधली चित्रित मुलाखत दाखवली. पियानोवर बसून ते आपल्या भावाशी, हॅरीशी बोलतात. मला ती फार आवडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसं छोटा तुकडा पक्का करायचा सोडून अख्ख्या गोष्टीचा धूसर आभास उभा करायला जातात. साधंच वाजवा, पण जे वाजवता ते नेमकं काय आहे हे ठाऊक असू द्या. त्यावर पुढे बांधता येतं. आभासावर काही बांधता येत नाही. बोलता बोलता ते दोन्ही प्रकार वाजवून दाखवतात. सुमितने व्हिडिओ थांबवला आणि म्हणाला, "मी आभासवाला प्रकार आहे." त्या आठवड्यात वही भरली. ‘येतं’मध्ये सहा, ‘येत नाही’मध्ये पाच, बाकी सगळं मधल्या रकान्यात.

त्याचा देव म्हणजे सॉनी रोलिन्स. १९५९ मध्ये, ऐन भरात, लोक डोक्यावर घेऊन नाचत असताना रोलिन्सनी कार्यक्रम बंद केले. लोक म्हणतात तेवढे आपण चांगले नाही, असं त्यांना स्वतःलाच वाटत होतं. घरी वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलाच्या पादचारी वाटेवर जाऊन, खालून नदी आणि बाजूने आगगाड्यांचा खडखडाट, तासन् तास रियाज केला. १९६१ मध्ये परत आले. त्याच दशकाच्या अखेरीस पुन्हा एकदा सगळं सोडून ते भारतात आले आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिले. "पवई, मॅडम! माझ्या बाईकवरून पाऊण तास." हे सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मला मात्र एक सावधगिरी घ्यावी लागली. रोलिन्सची गोष्ट त्याला पळवाटेसारखी वापरता आली असती. मीही दोन वर्षं कुणाला तोंड दाखवत नाही, पक्का होऊनच येतो, असं म्हणून बसला असता. मी विचारलं, रोलिन्स पुलावर गेले तेव्हा त्यांनी आईच्या आजाराचं कारण सांगितलं होतं का? तो ओशाळला. म्हणाला, "पुलाआधी फोन करायला लागेल."

फोन करण्याआधी मी त्याला अंदाज लिहायला लावला. आपल्या भीतीला आकडा दिला की ती नंतर तपासता येते. त्याने लिहिलं: अंकल ओरडतील, शंभरात सत्तर. ग्रुपमधून काढतील, नव्वद. सगळ्यांना सांगून हसतील, साठ.

फोन त्याने माझ्या खोलीतून नाही केला. घराच्या गच्चीवरून, रात्री केला. आधी सोपं सांगितलं: ती चीज मला येत नाही, त्या दिवशी मी वाजवत नव्हतो. अंकल म्हणाले, "ठाऊक आहे. ऐकतोय ना मी." एवढंच. मग नेहमीप्रमाणे विचारलं, आई कशी आहे?

"आई बरी आहे. आधीपण बरीच होती."

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला गेला.

त्यानंतर दोन शनिवार बोलावणं आलं नाही. एक कार्यक्रमही दुसऱ्या वादकाला गेला. हे मी मुद्दाम सांगते, कारण खरं बोललं की लगेच पाठीवर हात पडतो असं मी कुणालाही सांगत नाही. चीज न येणं अंकलनी सहज घेतलं; आईवरून खोटं बोलणं त्यांना लागलं होतं. त्या दोन आठवड्यांत सुमित माझ्याकडे दोनदा आला, उदास होता, पण पोट दुखत नव्हतं. रात्री झोपत होता. वहीतल्या तीन अंदाजांपुढे त्याने लिहिलं: ओरडले नाहीत. हसले नाहीत. काढलं का, माहीत नाही.

तिसऱ्या गुरुवारी अंकलचा मेसेज आला. शनिवार साडेसहा. खाली एका कागदाचा फोटो, ‘जायंट स्टेप्स’च्या कॉर्ड्स, त्यांच्या हातच्या, पहिल्या चार बारभोवती पेन्सिलचा गोल. सोबत एक ओळ: एवढेच, लय ८०.

सुमितने ती चीज शेवटच्या रकान्यातून खोडली आणि मधल्या रकान्यात लिहिली. कंसात: चार बार.