लहान कुत्र्याला केबिनमधून युरोपला नेताना: तिकिटाआधी कॅलेंडर बघा

ताई, तुमची शिह त्झू कुत्री कुकी हिला सप्टेंबरअखेर विमानाच्या केबिनमधून म्युनिकला नेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, साडेपाच किलोची कुकी केबिनमध्ये, तुमच्या पायाशी बसून पुण्या-मुंबईहून म्युनिकला जाऊ शकते. पण सप्टेंबरअखेर नाही. आज जुलैचा मध्य आहे आणि कुकीला अजून चिप (कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची मायक्रोचिप) बसवलेली नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे अगदी या आठवड्यात सुरुवात केली तरी नोव्हेंबरच्या मध्याआधी तिला जर्मनीत प्रवेश मिळणार नाही. कोणतीही विमान कंपनी, कोणताही एजंट यात काही करू शकत नाही. म्हणून दोह्यामार्गे मिळणारं जे स्वस्त तिकीट तुम्ही बघून ठेवलंय ते कृपा करून आज काढू नका. ते न काढण्याचं आणखी एक कारण आहे, त्याकडे पुढे येते.

आमची ठकी इंडियन स्पिट्झ, म्हणजे आपल्याकडे सगळे पॉमेरियन म्हणतात ती. ती माझ्याबरोबर याच वाटेने जर्मनीला आली, आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांच्या कुत्र्यांची कागदपत्रं मी बघून दिली आहेत. लोकांची सगळी काळजी त्या विमानातल्या नऊ तासांची असते, पण घोडं अडतं ते कागदांच्या क्रमाशी.

युरोपियन युनियनच्या लेखी भारत हा रेबीजचा धोका असलेला देश आहे. त्यामुळे नुसती लसीची पुस्तिका चालत नाही. क्रम असा: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताचा नमुना, आणि रक्त घेतल्याच्या तारखेपासून पूर्ण 3 महिने थांबणं. चिप 15 आकडी, आयएसओ मानकाची हवी. कुकीच्या पुस्तिकेत दरवर्षीच्या लसीचे शिक्के आहेत हे उत्तमच, पण ते चिपच्या आधीचे आहेत, म्हणून प्रवासासाठी त्यांचा उपयोग नाही. चिपशिवाय ती लस नेमक्या याच कुत्रीला दिली याचा पुरावा राहत नाही, असा त्यांचा साधा हिशोब आहे. चिप आणि लस एकाच दिवशी घेतली तरी चालते, फक्त चिप आधी बसवायची, स्कॅनरवर वाचून बघायची आणि मगच लस टोचायची. तारखा पुस्तिकेत त्याच क्रमाने लिहून घ्या. दवाखान्यात स्कॅनर आहे का हे फोनवरच विचारा, काही ठिकाणी चिप बसवतात पण वाचायचं यंत्र नसतं.

रक्ताच्या चाचणीला सगळे टायटर टेस्ट म्हणतात. लसीमुळे शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का, हे त्यात मोजतात. आकडा दर मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त यायला हवा. लॅब युरोपियन युनियनच्या मान्यताप्राप्त यादीतलीच हवी, कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजीचा रिपोर्ट चालणार नाही. डॉक्टर रक्तातून सीरम वेगळं करून थंड पेटीत पाठवतात. नमुना परदेशी लॅबला जाणार असेल तर रिपोर्ट यायला काही आठवडे धरा. मात्र 3 महिने मोजायचे ते रक्त काढलं त्या दिवसापासून, रिपोर्ट आला त्या दिवसापासून नाही. त्यामुळे रिपोर्टची वाट बघण्यात वेगळा वेळ जात नाही.

अगदी पहिल्यांदाच लस घेतलेल्या लहान पिलांचा आकडा कधीकधी कमी येतो. कुकीने आधी अनेकदा लस घेतलेली असल्याने आताची मात्रा तिच्या शरीरासाठी बूस्टरसारखीच ठरेल, तिची मला फारशी काळजी वाटत नाही. पण ज्यांच्याकडे वर्षाच्या आतलं पिल्लू आहे त्यांनी दुसऱ्या मात्रेबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. आकडा कमी आला तर पुन्हा लस, पुन्हा 30 दिवस आणि पुन्हा 3 महिने, इतका फटका बसतो.

एक गोष्ट मात्र फार चांगली आहे. एकदा पास झालेली टायटर टेस्ट आयुष्यभर चालते, पुढचा प्रत्येक बूस्टर मुदत संपायच्या आत घेतला तर. एक दिवस जरी उशीर झाला तरी ती लस नव्याने पहिली धरतात आणि जुनी टेस्ट बाद होते.

आता तुमची दुसरी कल्पना: तुम्ही दोघांनी सप्टेंबरात जायचं, कुकी साताऱ्याला आईंकडे, आणि डिसेंबरात तुमचा भाऊ तिला घेऊन येणार. ऐकायला सोपं वाटतं, पण इथे पाच दिवसांचा नियम आडवा येतो. मालकाऐवजी दुसरं कुणी कुत्रा नेणार असेल तर लेखी अधिकारपत्र लागतं, आणि मालकाचा स्वतःचा प्रवासही त्याच्या आगेमागे 5 दिवसांच्या आत व्हायला हवा. तसं नसेल तर तो घरगुती प्राण्याचा प्रवास न राहता व्यापारी वाहतूक धरली जाते. त्याचे कागद वेगळे, तपासणी वेगळी आणि खर्चही बराच वाढतो. त्यापेक्षा मिस्टरांनी सप्टेंबरात पुढे जाऊन घर लावावं, तुम्ही आणि कुकी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघा. तुम्हालाही सप्टेंबरात जाणं भागच असेल तर कुकी आईंकडे ठेवा आणि दोघांपैकी एकाने तिला न्यायला परत या. सगळे कागद पहिल्यापासून त्याच व्यक्तीच्या नावावर करा.

विमानाबद्दल. दोह्यामार्गे का नको, तर कतार एअरवेज केबिनमध्ये कुत्रा घेत नाही. एमिरेट्सचंही तसंच. या कंपन्या केबिनमध्ये ससाणे नेतात, कुत्री नाहीत. लंडनमार्गेही नको, कारण ब्रिटनमध्ये विमानाने येणारा कुत्रा कार्गोतूनच यावा लागतो, सहायक कुत्रे सोडून. तुमच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे मुंबईहून लुफ्तान्साचं म्युनिक किंवा फ्रँकफर्टचं थेट विमान. त्यांच्याकडे पिशवीसकट 8 किलोची मर्यादा आहे आणि मऊ पिशवीचं कमाल माप 55 x 40 x 23 सेंटिमीटर. केएलएम आणि एअर फ्रान्सचीही मर्यादा 8 किलोच आहे, पण पिशवी लहान लागते, 46 x 28 x 24. तिकीट काढण्याआधी मापं त्यांच्या साइटवर एकदा ताडून घ्या. जिथे कोडशेअर असतो, म्हणजे एका कंपनीच्या तिकिटावर दुसऱ्या कंपनीचं विमान असतं, तिथे तिकिटावर छापलेल्या नावाचे नियम चालत नाहीत, प्रत्यक्ष विमान ज्या कंपनीचं तिचे चालतात.

तिकिटाचा क्रमही लक्षात ठेवा. एका विमानात केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात, त्यामुळे आपलं तिकीट काढून नंतर कुत्र्याचं बघू, हे म्हणजे आधी कळस मग पाया. फोन करून त्या तारखेला जागा आहे का विचारा, तिकीट काढा, आणि लगेच कुकीची नोंद करून लेखी पुष्टी मागा. आपत्कालीन दाराजवळची आणि अगदी पहिल्या रांगेची सीट टाळा, पहिल्या रांगेत समोर सीटच नसते, मग पिशवी ठेवणार कुठे?

पिशवी आत्ताच घ्या. कुकीचं साडेपाच आणि पिशवीचं किलो-सव्वा किलो, वजनात तुम्ही आरामात बसता. मला काळजी उंचीची आहे. 23 सेंटिमीटरमध्ये बऱ्याच शिह त्झूंना ताठ उभं राहता येत नाही. वरची बाजू मऊ आणि थोडी फुगणारी असलेली पिशवी बघा. आत तिला वळता आलं पाहिजे, पसरून झोपता आलं पाहिजे. काउंटरवर कर्मचारी हेच बघतात.

आणि ती पिशवी प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा दाखवू नका. आजपासून ती हॉलमध्ये उघडी पडलेली असू दे, आत तिचं जुनं अंथरूण, तुमची एखादी वापरलेली ओढणी. खाऊ आत द्या. ती आपणहून आत जाऊन झोपायला लागली की मग पिशवीची चेन लावायची, आधी मिनिटभर, मग जेवणाच्या वेळेपुरती डायनिंग टेबलाखाली तुमच्या पायाशी. त्यानंतर गाडीतून, रिक्षातून फिरवा. स्टेशनच्या गर्दीत अर्धा तास बसा. ठकी विमानात शांत राहिली ती या सरावामुळेच, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या हातात चार महिने आहेत, ते सोनं आहे.

झोपेचं औषध अजिबात देऊ नका. मी हे ठामपणे सांगते आहे, कारण शिह त्झू चपट्या नाकाची जात आहे. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराला स्वतःचं तापमान सांभाळणं जड जातं, आणि ज्या कुत्र्याचा श्वास मुळातच अरुंद वाटेने चालतो त्याला हे जिवावर बेतू शकतं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना अनेक कंपन्या सामानाच्या भागात घेत नाहीत तेही श्वासाच्या याच त्रासामुळे. शेजारचे कुणी 'आम्ही दिलं होतं, काही झालं नाही' म्हणतील, तरी नको. त्याऐवजी प्रवासाच्या महिनाभर आधी तिचं हृदय आणि श्वास नीट तपासून घ्या. डॉक्टरांना हृदयात काही वेगळा आवाज ऐकू आला, तर तिला न्यायचं की नाही यावर त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. आईंकडे सुखाने राहणं हाही तिच्या भल्याचाच निर्णय असू शकतो.

शेवटचे दहा दिवस धावपळीचे असतात. युरोपियन युनियनच्या ठरलेल्या नमुन्यातलं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाच्या सहीचं लागतं. आपल्याकडे ते एक्यूसीएस, म्हणजे केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण आणि प्रमाणन कार्यालयातून मिळतं. मुंबईत त्यांचं कार्यालय आहे, कुकीला प्रत्यक्ष घेऊन जावं लागेल. प्रमाणपत्र दिल्यापासून 10 दिवसांच्या आत युरोपात पोहोचायला हवं, त्यामुळे ते लवकर काढून ठेवता येत नाही. अर्ज आणि वेळ मात्र आधी ठरवून ठेवा आणि मधल्या सरकारी सुट्ट्या बघा. प्रमाणपत्र इंग्रजीबरोबरच ज्या देशात पहिल्यांदा उतरणार तिथल्या भाषेतही हवं. थेट म्युनिक असेल तर जर्मन, ॲमस्टरडॅममार्गे गेलात तर डच. मालकाचं घोषणापत्रही सोबत लागतं. पुस्तिका, लॅबचा रिपोर्ट, प्रमाणपत्र, या सगळ्यांवर चिपचा 15 आकडी क्रमांक एकसारखा आहे ना, हे बोट ठेवून एकेक आकडा वाचून तपासा. ओळखीतल्या एका घराच्या रिपोर्टवर दोन आकडे उलटे पडले होते. वेळेत दिसले म्हणून दुरुस्त झाले.

प्रवासाच्या दिवशी: मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, ते कुकीच्या झोपेच्या वेळेचंच आहे. संध्याकाळी हलकं जेवण, नंतर फक्त पाणी, तेही थोडं थोडं. एक्स्प्रेसवेवर थांबून तिला फिरवा, विमानतळात शिरण्याआधी पुन्हा एकदा. ऑनलाइन चेक-इन होणार नाही, काउंटरवर जावं लागेल, म्हणून लवकर पोहोचा. सुरक्षा तपासणीत तिला पिशवीतून बाहेर काढून कडेवर घ्यायचं, रिकामी पिशवी यंत्रातून जाते. तिथल्या गोंगाटात ती निसटू नये म्हणून पट्टा आणि हार्नेस आधीच घातलेला असू दे. पिशवीत शोषून घेणारं पॅड अंथरा, दोन जादा सोबत ठेवा. विमानात पिशवी उघडता येत नाही, पण चेनच्या फटीतून बोट आत घालून गोंजारता येतं, आणि एवढ्यानेही त्यांना खूप धीर येतो. वर चढताना आणि उतरताना चघळायला काही द्या, कानातला दाब कमी होतो. प्यायला पाण्याऐवजी बर्फाचा एखादा खडा बरा, सांडत नाही.

म्युनिकला उतरल्यावर हिरव्या वाटेने (कस्टम्सला दाखवण्यासारखं काही नसलेल्यांच्या) बाहेर पडू नका. भारतातून आलेला कुत्रा लाल वाटेने जाऊन कस्टम्सला दाखवायचा असतो. ते चिप वाचतात, कागद बघतात. कागद जुळले नाहीत तर कुत्रा परत पाठवणं किंवा मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवणं, हे दोन्ही ते करू शकतात. कागद चोख असतील तर हे काम पटकन उरकतं.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथले नियम 1 ऑगस्ट 2024 पासून बदलले. कुत्रा किमान 6 महिन्यांचा आणि चिप असलेला हवा. भारतात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्यकाने प्रमाणित केलेला लसीचा फॉर्म लागतो, सीडीसीच्या (तिथल्या रोगनियंत्रण संस्थेच्या) मान्य लॅबची टायटर टेस्ट लागते, आणि त्यांनी नोंदणी केलेल्या प्राणी केंद्रात आधी वेळ घ्यावी लागते. अशी केंद्रं मोजक्याच विमानतळांवर आहेत. नियम आले तेव्हा यादीत न्यूयॉर्कचं जेएफके होतं, न्यूअर्क नव्हतं. न्यू जर्सीला जाणाऱ्या आपल्या लोकांनी मुंबई-न्यूअर्क थेट तिकीट काढण्याआधी ही यादी बघावीच.

तिथे पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात दोन कामं करा. जर्मन पशुवैद्यकाकडून युरोपियन पेट पासपोर्ट काढून त्यात लस आणि टायटर टेस्टची नोंद करून घ्या. मग पुढे कुकीला सुट्टीत भारतात आणलंत तरी परतताना ते 3 महिने पुन्हा थांबावं लागणार नाही. दुसरं, शहराकडे तिची नोंद करून कुत्र्याचा कर भरा, त्याचा बिल्ला मिळतो. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही काढून ठेवा, काही राज्यांत तो सक्तीचाच आहे. पिशवीतल्या लहान कुत्र्याला तिथल्या रेल्वेत तिकीट लागत नाही, त्यामुळे आता घेतलेली पिशवी पुढेही कामी येईल.

सध्या एवढंच करा: या आठवड्यात चिप आणि लस, आणि डॉक्टरांना रक्त कोणत्या लॅबला पाठवतात ते विचारा. चिपची तारीख, लसीची तारीख आणि लॅबचं नाव मला कळवा, रक्त कधी घ्यायचं आणि सर्वांत लवकर कोणत्या तारखेचं तिकीट काढता येईल ते मोजून सांगते.